दुसरा पाय कापून बघा

नवसाबाई नवी शेगडी घ्यायला गेल्या त्या खापर सोबत घेऊनच. गोधडीत गुंडाळलेलं ते खापर त्यांनी रिक्षात मांडीवर धरलं होतं. रिक्षावाल्याला वाटलं, आजी कुणाचं तान्हं घेऊन दवाखान्यात निघाल्यात, म्हणून तो खड्डे चुकवत बेताने चालवू लागला. नवसाबाईंनी त्याचा गैरसमज दूर केला नाही. खड्डे चुकत होते, मग कशाला?

ज्याने मांडा खाल्लेला नाही त्याला या खापराची किंमत कळायची नाही. मातीचं मोठं खोलगट भांडं, ते विस्तवावर पालथं घालायचं आणि त्याच्या तापलेल्या पाठीवर पुरणाचा मांडा भाजायचा. मांडा लाटत नाहीत. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत ताणायचा, तो मनगटावरून कोपरापर्यंत उतरतो, लुगड्याच्या पदरासारखा पातळ होतो, आणि मग एका झटक्यात खापरावर टाकायचा. सटाण्याकडच्या मुली हे आईकडून शिकतात. शिकतात पुष्कळ, येतं मोजक्यांना. नवसाबाईंना बाराव्या वर्षी यायला लागलं आणि साठी उलटली तरी त्यांच्या हातून फाटलेला मांडा कुणी दाखवावा. लग्न करून त्या नाशिकला मखमलाबादच्या बाजूला आल्या, मालक गेले, मुलगा अंबडला कारखान्यात लागला, सून मनीषा घरात आली. या सगळ्यात लग्नाघरच्या मांड्यांना नवसाबाई हे ठरलेलंच होतं. कोंडाजी केटरर तर यजमानांना तारीख विचारायच्या आधी नवसाबाईंना विचारायचा.

तर त्या खापर घेऊन मेन रोडला शेखरशेठच्या दुकानात गेल्या. शेखरशेठ शेगड्या स्वतःच्याच शेडमध्ये बनवून घ्यायचा आणि त्यावर स्वतःच्या दुकानाचं नाव टाकून विकायचा. नवसाबाईंनी गोधडी सोडली, निळ्या रंगाच्या एका लोखंडी शेगडीवर खापर पालथं घातलं आणि विचारलं, "शेठ, हे पेलंल का? दिवसभर तापतं हे. लग्नाघरी दोनशे-दोनशे मांडं होत्यात."

शेखरशेठने शेगडीवर थाप मारली. "मावशी, यावर तुम्ही स्वतः चढून बसा. तीन वर्षांची गॅरंटी."

"मी कशाला चढू? खापराचं सांगा."

"खापराचंच सांगतोय. चार पाय आहेत, हलायची नाही."

नवसाबाईंना तोंडी बोलणं पुरत नसे. त्यांनी बिलावर लिहून मागितलं. शेठने हसत हसत लिहून दिलं: शेगडी एक, मांड्याच्या खापरासाठी. हे लिहिताना त्याने मनात काय विचार केला असेल कुणास ठाऊक, बहुतेक काहीच केला नसावा. दुकानदार माणूस, समोर गिऱ्हाईक उभं असताना हात आपोआप चालतो.

चौदा महिन्यांनी विंचूरला एका कांदा व्यापाऱ्याच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. मांडवाच्या मागे नवसाबाईंची शेगडी लागली, खापर तापलं, शंभरेक मांडे उतरले. पुढचा मांडा हातावर असतानाच शेगडीचा एक पाय कडकन निखळला. शेगडी कलंडली, खापर घरंगळलं, नवसाबाईंनी ते अडवायला उजवा हात घातला. तापलेलं खापर अडवायचं नसतं हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण पलीकडे दोन बायका पुरण वाटत बसल्या होत्या. मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला, आणि खापर फुटलं ते फुटलंच. आईने दिलेलं खापर होतं ते.

हात बरा व्हायला तीन महिने लागले. पण तोवर दुसरीच गोष्ट पसरली होती. लग्नाघरी मांडे कमी पडले होते, वरपक्षाकडच्यांनी तोंड वाकडं केलं होतं, आणि कोंडाजीला कुणावर तरी ढकलायचंच होतं. "म्हातारीचा हात गेला आता," त्याने सांगून टाकलं. "कापरं भरलं आणि खापर पाडलं." एवढ्या दोन वाक्यांनी अठरा वर्षांची ओळख पुसली. त्या लग्नसराईत नवसाबाईंचा फोन एकदाही वाजला नाही. शहरातल्याच एका घरचं काम आधीपासून ठरलेलं होतं, तेही दुसऱ्या बाईला गेलं. मनीषाने ते आपल्या मैत्रिणीकडून ऐकलं आणि सासूला सांगितलं नाही, पण नवसाबाईंना कळलं. अशा गोष्टी कळतातच.

मग एके दिवशी शेखरशेठ आपण होऊन घरी आला. सोबत नवी कोरी शेगडी, एक पाकीट आणि टाईप केलेला कागद. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता. "मावशी, झालं गेलं विसरा. यावर एक सही करा म्हणजे विषय मिटला."

मनीषाने कागद वाचून दाखवला. सदर अपघात वापरातील नजरचुकीने झाला असून माझी दुकानाविरुद्ध कोणतीही तक्रार नाही.

"कुणाच्या नजरचुकीनं?" नवसाबाईंनी विचारलं.

"अहो, ते नुसतं लिहायची पद्धत असते."

"पद्धत असंल तर तुमची नजरचूक लिहा की."

शेखरशेठ हसला, मग हसायचा थांबला. मनीषा हळूच म्हणाली, "आई, शेगडी तरी ठेवून घ्यावी." खरं तर तिचंही चुकत नव्हतं, घरात धड शेगडी नव्हतीच. नवसाबाईंनी उठून पाकीट शेगडीवर ठेवलं, शेगडी स्वतः उचलून उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवली, तीही भाजलेल्या हाताने. शेठला चहा मात्र पाजला. चहा न पाजता कुणाला घालवून देणं त्यांच्याच्याने झालं नसतं.

"मला पैसं नकोत," त्या मनीषाला म्हणाल्या. "चूक माझी नव्हती, एवढं मला कागदावर पाहिजे. सरकारी कागदावर."

मनीषाच्या शाळेतली मैत्रीण तेजस्विनी आता वकील झाली होती. तिच्या छोट्या ऑफिसात नवसाबाई गेल्या तेव्हा टेबलावर बिल ठेवलं आणि तुटक्या शेगडीचं पोतं पायाशी. तेजस्विनीने बिल वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तिचा चेहरा उजळला.

"मावशी, हे तुम्ही लिहून घेतलंत? मांड्याच्या खापरासाठी?"

"मग? तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं."

"निम्मं काम तुम्हीच करून ठेवलंय." तेजस्विनीने समजावून सांगितलं. तुम्ही दुकानदाराला सांगितलंत की वस्तू कशासाठी हवी, त्याने भरवसा दिला, तुम्ही त्या भरवशावर ती घेतलीत, आणि वस्तू त्या कामाला टिकली नाही. ही झाली हमी मोडल्याची बाजू. उद्या त्यांचा वकील म्हणेल, गॅरंटी फक्त घरगुती वापराला होती, बाई तर धंदा करत होत्या. म्हणू दे. स्वतःच्या हातांनी पोट भरणाऱ्या माणसाला कायदा ग्राहकच मानतो.

"आणि दुसरी बाजू निष्काळजीपणाची," ती पुढे म्हणाली. "तिथे चार गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. शेगडी नीट बनवायची जबाबदारी त्यांच्यावर होती. ती त्यांनी पाळली नाही. तुम्हाला इजा झाली. आणि ती इजा त्यांनी जबाबदारी पाळली नाही म्हणूनच झाली, दुसऱ्या कशाने नाही. ही शेवटची सगळ्यात अवघड. ते म्हणणार, पाय आधी तुटला नाही, आधी तुमचा हात सुटला, खापर आदळलं आणि मग पाय तुटला."

नवसाबाई विचारात पडल्या. "म्हंजे चारही पाहिजेत. एक नसला की सगळं कलंडलं. शेगडीसारखंच हाय की तुमचं."

तेजस्विनी हसली. कॉलेजात तिला हे शिकायला एक वर्ष लागलं होतं.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात दाखल झाली. सामनेवाल्याचा, म्हणजे शेखरशेठचा, लेखी जबाब आला, त्यात सगळं तेजस्विनीने सांगितल्याबरहुकूम होतं: धंद्याचा वापर, जास्त वजन, उतारवय, थरथरता हात. तारखा पडत गेल्या. आयोगाने शेगडी हजर करायला सांगितली. तेजस्विनीने फोनवर तीनदा बजावलं, "मावशी, शेगडी आहे तशी आणा. पोत्यातून काढूही नका."

आणि इथे नवसाबाईंनी ते केलं जे त्यांच्यासारखीच बाई करेल. त्यांनी पोतं सोडून शेगडीकडे पाहिलं. पुरणाचे ओघळ, काजळी, करपलेली कणीक. ही अशी शेगडी चार शिकल्या-सवरल्या माणसांसमोर न्यायची? आपल्या घरातून आजवर खरकटं भांडं कुणाच्या दारात गेलं नाही, ते काय आयोगात जायचं? वकीलताईचं म्हणणं खरं असेल, पण वकीलताईला घर सांभाळायला लागून असे किती दिवस झाले? दुपारभर अंगणात बसून त्यांनी राखेने आणि काथ्याने शेगडी घासली. तुटका पाय घासला, पायाचा तुटलेला जोडही घासला. संध्याकाळी शेगडी इतकी लखलखीत झाली की मनीषाने बाहेर येऊन कपाळावर हात मारला.

आयोगात पोतं उघडलं तेव्हा तेजस्विनीच्या तोंडचं पाणी पळालं. समोरच्या वकिलाला मात्र सण आला. "मॅडम, पुराव्यात फेरफार झाला आहे. तुटलेला भाग घासून काढला आहे. आता यावरून काही सिद्ध होऊ शकत नाही. आणि आमचं म्हणणं आधीपासून तेच आहे. बाईंचं वय झालंय, हात थरथरला, खापर पडलं, विषय संपला."

अध्यक्ष बाई होत्या. त्यांनी चष्म्यावरून नवसाबाईंकडे पाहिलं. "आजी, तुम्ही ही शेगडी घासली?"

"व्हय मॅडम."

"का?"

"घाण होती."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. तेजस्विनीने मान खाली घातली. अध्यक्षांना हसू आलं नाही. "काय काय घासलं?"

"सगळं घासलं. काजळी निघाली, पुरण निघालं. त्येवढा निळा रंग काय निघाला नाय. लय घासला, पण नाय निघाला."

"कुठला निळा रंग?"

"ह्यो." नवसाबाई पुढे झाल्या आणि तुटक्या पायाचा जोड त्यांनी वळवून दाखवला. पाय शेगडीला जिथे चिकटलेला असायला हवा होता, त्या आतल्या भागात, कडेपासून मध्यापर्यंत, शेगडीचा तोच निळा रंग होता. तेजस्विनी ताडकन उठली. काजळीखाली हे कुणालाच दिसलं नव्हतं, तिलाही नाही.

"मॅडम, जोड पक्का असता तर रंग आत जाईलच कसा? रंग बाहेरून मारतात. हा जोड रंगवतानाच उघडा होता. म्हणजे शेडमध्येच!"

"किंवा बाईंनी घरी रंगवला," समोरचा वकील म्हणाला. "शेगडी यांच्याच ताब्यात होती. घासलीही यांनीच."

तेजस्विनी हातातले कागद पुढेमागे चाळू लागली. डाव हातचा जातोय हे नवसाबाईंना कळलं. दीड वर्षाची धावपळ, उंबऱ्याबाहेर ठेवलेली शेगडी, न वाजलेला फोन, सगळं वकिलाच्या त्या एका वाक्यात बुडणार होतं, आणि तेही स्वतःच्याच राखेने. नवसाबाईंचा आवाज चढला, आणि चढल्याबरोबर त्यांची माहेरची अहिराणी तोंडात आली.

"चूक मनी नही शे, मॅडम. शेगडीनी शे."

मग त्यांनी स्वतःला सावरलं, पदर नीट केला आणि सावकाश बोलू लागल्या. "चूक माझी नाय, शेगडीची हाय. आमच्यात एक मांडा फाटला तर हात चुकला म्हणत्यात. खरंय. पण लागोपाठ फाटाया लागलं तर हाताला कुणी बोल लावत नाय, कणीक बघत्यात. दुसरा गोळा मोडून बघत्यात. ह्या शेगडीला अजून तीन पाय हायेत. त्यांच्या जोडात माझी राख गेली नाय, माझा काथ्या गेला नाय, माझा ब्रश तर जायचाच नाय. दुसरा पाय कापून बघा. आत निळं नसंल तर चूक माझी. मी शेठच्या त्या कागदावर सही करीन."

"मावशी!" तेजस्विनीने त्यांचा हात धरला. बाकीचे तीन जोड पक्के निघाले तर सगळंच संपेल, हे ती हळू आवाजात सांगू लागली.

"मला ठाऊक हाय," नवसाबाई म्हणाल्या. "कणीक एका परातीतली असती."

आयोगाने सातपूरला वेल्डिंग शिकवून निवृत्त झालेल्या झिपरू अहिरे मास्तरांना तपासणीला नेमलं. ठरल्या दिवशी मास्तरांच्या घरामागच्या शेडमध्ये दोन्ही बाजू जमल्या. मास्तरांनी शेगडी उलटी केली, पाय चिमट्यात धरला आणि करवत लावली. लोखंडाचा करकर आवाज सगळ्यांच्या दातांत शिरला. शेखरशेठ घाम पुसत होता. नवसाबाई मात्र लग्नाघरी कढई पाहत बसाव्यात तशा मांडी घालून बसल्या होत्या, फक्त डावा हात उजव्या हाताच्या डागावरून फिरत होता.

पाय निखळला. मास्तरांनी तो उजेडात धरला, अंगठ्याने घासला आणि काही न बोलता तेजस्विनीच्या हातात दिला. आत निळा रंग होता. कुणी सांगितलं नसताना मास्तरांनी तिसरा पाय चिमट्यात धरला. तोही निळा.

"शेठ," झिपरू मास्तर म्हणाले, "हा जोड नाही. हा नुसता टाका आहे. वरून वितळवलाय, आत धरलेलाच नाही. यावर खापर राहिलं चौदा महिने, हे या बाईंच्या हाताचं कौतुक. सारखं वजन समतोल ठेवलं म्हणून राहिलं."

शेखरशेठने पाय हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. शेडमधल्या कारागिराने त्याला असं फसवलं असेल, किंवा त्याने कधी पाहिलंच नसेल. त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं, पाहिलंच नसावं. "मावशी," म्हणत त्याने हात जोडले. नवसाबाईंनी त्याच्याकडे पाहून मान हलवली. एवढं त्यांना पुरलं. कागद मात्र हवाच होता.

कागद दोन महिन्यांनी आला, मराठीत, शिक्क्यासकट. तेजस्विनीने तो स्वतः घरी आणला. भरपाई, उपचाराचा खर्च, नवी शेगडी, सगळं होतं, पण नवसाबाईंनी तिला तिथे थांबू दिलं नाही. "त्ये वाच. माझं." तेजस्विनीने पान उलटलं. "तक्रारदार यांच्याकडून वापरात कोणताही निष्काळजीपणा झाल्याचे दिसून येत नाही. सदर अपघात शेगडीच्या सदोष जोडामुळेच झाला आहे." नवसाबाईंनी तिला ते दोनदा वाचायला लावलं. मग देवासमोर कागद ठेवायला उठल्या आणि परत आल्या. देव्हाऱ्यातल्या कुंकवाने अक्षरं खराब होतील, असं त्यांना वाटलं. कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ब्लाउजपीसच्या गठ्ठ्यात ठेवला. तेजस्विनीला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

मेन रोडवरच्या त्या दुकानात आता शेगड्या उलट्या मांडलेल्या असतात, पाय वर करून, जोड दाखवत. शेखरशेठ कुणाला कारण सांगत नाही.

माघात कोंडाजी आला. विंचूरचे तेच व्यापारी, धाकट्या मुलीचं लग्न, आणि वधूच्या आईने हट्ट धरला होता की मांडे नवसाबाईंचेच. खोटं कशाला बोला, कोंडाजी मान खाली घालूनच आला होता. "अक्का, तेव्हा माझ्या तोंडून जरा..."

"तारीख सांग," नवसाबाई म्हणाल्या.

मांडवाच्या मागे तीच जागा, बहुतेक बायकाही त्याच. नवसाबाईंनी येताच शेगडी उलटी करून चारही जोड बोटाने चाचपले. मग नवं खापर पालथं घातलं. पुरण तयार होतं, कणीक मऊ झाली होती, दोनशे माणसं बाहेर पंगतीची वाट बघत होती. कोंडाजी आगपेटी घेऊन पुढे आला.

"थांब," नवसाबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून कागद काढला आणि त्याच्या हातात दिला. "शेवटून दुसरं पान. वाच."

कोंडाजीने इकडेतिकडे पाहिलं. पुरण वाटणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. त्याने घसा खाकरला आणि तोंडातल्या तोंडात वाचलं.

"ऐकू नाय आलं," मागून एक बाई म्हणाली. दोन वर्षांपूर्वी खापर जिच्या अंगावर जायचं ते नवसाबाईंनी अडवलं, तीच ही.

कोंडाजीने पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्याने. तक्रारदार यांच्याकडून वापरात कोणताही निष्काळजीपणा झाल्याचे दिसून येत नाही. दूरच्या चुलीवरच्या आचाऱ्यानेही मान वर करून ऐकलं. वाचून झाल्यावर त्याने कागदाची घडी केली, जशी होती तशीच, आणि दोन्ही हातांनी परत दिली.

"पेटव आता," नवसाबाई म्हणाल्या.

खापर तापेपर्यंत त्या बसून राहिल्या. मग पहिला गोळा उचलला आणि दोन्ही हातांवर फिरवायला लागल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, डागाची कातडी आवळलेली राहील. कणीक मनगटावर आली, डागावर क्षणभर अडली, नवसाबाईंनी हात जरासा तिरका केला आणि ती पुढे सरकली. मांडा कोपरापर्यंत उतरला, कुठेही न फाटता, आणि खापरावर पडला.